पूर्ण उतरवलेली बॅटरी

जावईबापूंनी सासूबाईंच्या ट्रेलरची बॅटरी संपवली ती निष्काळजीपणाने नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. निष्काळजीपणाने बॅटरी कुणीही संपवतं. जावईबापूंनी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून, जातीने समोर बसून, मन लावून संपवली.

त्याचं झालं असं. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी जावयाला खुणेने जवळ बोलावलं. पोटची मुलगी उशाशी उभी असताना तिला नाही, जावयाला. जावईबापूंचं काळीज सुपाएवढं झालं. अशा वेळी माणूस लेकीला सोडून जावयाला बोलावतं म्हणजे मनातलंच काहीतरी सांगणार.

"जावईबापू, एवढं एक काम करा," सासूबाई म्हणाल्या. "थंडी वाढायच्या आत वखारीत जा आणि खोलीची बॅटरी उतरवून ठेवा. पूर्ण उतरवा हं. नुसती वायर काढून निघून येऊ नका."

"तुम्ही अगदी निश्चिंत राहा, आई," जावईबापू म्हणाले. "पूर्ण उतरवतो."

खोली म्हणजे तो ट्रेलर. गाडीच्या मागे जोडून न्यायचा. आत दोन बाकं, एक शेगडी, हातरुमालाएवढं बेसिन आणि झोपायच्या वेळी पलंग होणारं टेबल. सासूबाई त्याला कधी ट्रेलर म्हणत नसत. "माझी खोली" म्हणत. दोन प्रवासांच्या मधल्या काळात ही खोली गावाबाहेरच्या लाकडाच्या वखारीत, पत्र्याच्या छपराखाली, चाकं विटांवर चढवून ठेवलेली असे.

आता बॅटरी उतरवून ठेवा म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला लगेच कळलं. तिच्या खोक्यातून काढा, खाली उतरवा, घरी आणून उबेत ठेवा. पण जावईबापू पडले मुद्रितशोधक. एका छापखान्यात पंख्यांची, मिक्सरांची, खोकल्याच्या औषधांची माहितीपत्रकं छापण्याआधी वाचून त्यातल्या चुका काढणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. जन्मभर वाकडं शोधणाऱ्या माणसाला सरळ शब्द सरळ दिसत नाही. त्यांनी विचार केला. फोनची बॅटरी उतरते म्हणजे काय होतं? संपते. मग बॅटरी उतरवणं म्हणजे ती संपवणं. व्याकरणात कुठे खोट नव्हती. शिवाय थंडीआधी खोलीच्या टाकीतलं पाणी काढून टाकावं लागतं, नाहीतर गोठून नळ्या फुटतात, हे त्यांनी मागच्या खेपेला डोळ्यांनी पाहिलं होतं. पाणी काढतात तशी वीजही काढत असतील. आणि त्या 'पूर्ण'ने तर शंकेला जागाच ठेवली नव्हती.

मग काय! जावईबापू वखारीत गेले, खोलीत शिरले आणि दिसेल ते बटण दाबलं. छताचे दिवे, कपाटातला दिवा, पंखा, कॅसेटचा जुना टेपरेकॉर्डर, सगळं चालू. पाण्याचा पंपही चालू केला. पण टाकी कोरडी, त्यामुळे तो नुसता खोकायला लागला, तेव्हा दया येऊन बंद केला. वखारवाल्याने दारातून डोकं आत घातलं. या माणसाचं बोलणं 'बघू'ने सुरू व्हायचं आणि 'बघू'वरच संपायचं, म्हणून सगळे त्याला बघूशेठच म्हणत.

"बघू, काय, समारंभ आहे?"

"बॅटरी उतरवतोय."

"बघू," म्हणून बघूशेठ निघून गेला.

जावईबापू पलंग होणाऱ्या टेबलाशी बसून छापखान्यातले कागद तपासत राहिले. दुपार टळली. दिवे पिवळे झाले, मग तांबूस. पंखा दमला. कॅसेटवर गाणारी बाई हळूहळू बाप्या झाली, बाप्याचा म्हातारा झाला आणि म्हातारा एका लांबलचक जांभईत संपला. शेवटचा दिवा गेल्यावरच जावईबापू उठले. हातावर हात घासत घरी आले.

शुद्धीवर आल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न: "उतरवली?"

"पूर्ण."

"गुणाचे आहात हो," म्हणून सासूबाईंनी डोळे मिटले.

या सासूबाई म्हणजे काय चीज आहेत हे कळल्याशिवाय पुढची धावपळ कळायची नाही. त्यांनी सगळी नोकरी एका टोलनाक्यावर काढली. काचेचं खोकं, एक खुर्ची, समोर खिडकी, खिडकीबाहेर रस्ता. बाकी दुनिया निघालेली आणि या बसलेल्या. नाक्यावरच्या बाईला माणसं दिसत नाहीत, हात दिसतात. गाडीची काच खाली येते, एक हात बाहेर येतो, पैसे देतो, पावती घेतो, जातो. सासूबाई हातावरून माणूस ओळखायला शिकल्या. हा नवा नवरा आहे, अंगठी फिरवत बसलाय. ही बाई रडून निघालीय, रुमाल मुठीत आहे. हा पोरगा बापाची गाडी न विचारता घेऊन आलाय. टपावर बांधलेल्या सामानावरून हे लोक समुद्राकडे चाललेत की डोंगराकडे, याचा अंदाज बांधायच्या. एकदा न राहवून त्यांनी एकाला विचारलं, "कुठे निघालात?" तो गृहस्थ बोलका निघाला. त्याने तळ्याचं, तळ्याकाठच्या झाडांचं, सकाळच्या धुक्याचं असं काही वर्णन केलं की मागे गाड्यांची शेपटी वळणापर्यंत गेली आणि साहेबांनी सासूबाईंना बोलावून घेतलं.

"बाई, तुमचं काम पावती देण्याचं आहे. चौकशी खिडकी वेगळी असते."

"मग माझी बदली चौकशी खिडकीत करा," सासूबाई म्हणाल्या.

बदली झाली नाही. जगाला वाट करून देणारी ही बाई स्वतः मात्र नाक्याच्या अलीकडेच राहिली. नवरा भला, शांत, बसल्या जागी सुखी असणारा. एकदा आरामखुर्चीत टेकला की ताटं मांडल्याशिवाय उठत नसे. तो गेला तोही दुपारच्या झोपेत, कुणाला उठायला न लावता. सासूबाईंनी नोकरी संपवली, एक जुना ट्रेलर घेतला, आपल्या जुन्या चौकोनी गाडीला जोडला आणि नाक्यावर आल्या. त्यांच्याच खोक्यात बसलेल्या नव्या मुलीच्या हातावर सुट्टे पैसे ठेवले. ती ओळखून म्हणाली, "अय्या बाई, तुम्ही कुठे निघालात?" सासूबाई म्हणाल्या, "तुझं काम पावती देण्याचं आहे," आणि दांडा वर होताच निघून गेल्या.

तेव्हापासून पायाला भिंगरी. महिना महिना पत्ता नाही. फोन यायचा तो वाऱ्याच्या आवाजातून. "आज एका बंधाऱ्यावर आहे. बदकं दारात आलीत. ठेवते." परत आल्या की तेवढ्यापुरती लेकीच्या घरात शांतता, मग हळूहळू बोटं टेबलावर वाजायला लागत. दोन प्रवासांच्या मधल्या सासूबाई म्हणजे उतू जायच्या बेतात आलेलं दूध. त्या खोलीची देखभाल करत ती या मधल्या काळातच. बॅटरी उतरवून घरी आणायची, लाकडाच्या फळीवर ठेवायची, अधूनमधून चार्जर लावायचा, काचेच्या पिचकारीने आतलं पाणी वर ओढून रंग बघायचा. फळी कशाला, तर सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी फरशीत जिरते, हे त्यांचं ठाम मत. बघूशेठने एकदा सांगून बघितलं की हे जुन्या काळचं, आताच्या बॅटऱ्यांना फरशी काही करत नाही. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही झोपता का फरशीवर?"

तर अशा बाई वॉकर घेऊन लेकीच्या घरी आल्या. घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गॅलरीतल्या खुर्चीवर बसायची डॉक्टरांची आज्ञा. बसतात कसल्या! दर थोड्या वेळाने वॉकरची टकटक गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून दारापर्यंत आणि परत. खिडकीतून खालच्या रस्त्यावर लक्ष. कुणी वाकडी गाडी लावली की वरून हाक: "अहो निळे! मागचं चाक गटारात चाललंय!" गल्लीतले लोक आता गाडी लावून आधी वर बघायला लागले होते.

लेक चष्म्याच्या दुकानात काम करायची. लोकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावून नंबर काढायचा. एका संध्याकाळी तिने विषय काढला.

"आई, आमच्या दुकानाचे मालक तुझी खोली विकत घ्यायला तयार आहेत."

"मी विकायला तयार आहे असं त्यांना कुणी सांगितलं?"

"अगं, खुबा बदललाय तुझा. एकटी आडरानात पडलीस तर? किती दिवस जीव टांगणीला लावायचा आम्ही? उतारवय आहे हे."

"उताराला गाडी जास्त जोरात जाते," सासूबाई म्हणाल्या.

"थट्टा नकोय. तुझा फोन दोन दिवस लागत नाही तेव्हा मी इथे लोकांना उलटी अक्षरं वाचायला लावते, माहितीये?"

लेकीच्या आवाजात राग नव्हता, कंप होता. जावईबापूंनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं. मग सासूबाईंनी टकटक थांबवून सांगून टाकलं, "बरं, असं करू. थंडी सरली की मला वखारीत ने. कुणाचा हात न धरता मी खोलीची पायरी चढेन, आणि आत जाऊन दिवा लावेन. दोन्ही जमलं तर मी जाणार. यातलं एकही हुकलं तर दे विकून, मी तोंडातून ब्र काढणार नाही."

"आणि त्या खोलीत नवीन काही घालायचं नाही," लेक म्हणाली. ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. "एक नवा सुटा भाग तुला बसवून झालाय. खोली आहे त्यात चालली तर चालली."

"कबूल. बॅटरी जावईबापूंनी वेळेवर उतरवलीय. दिव्याची मला काळजीच नाही."

वर्तमानपत्रामागे जावईबापू प्रसन्न हसले.

लेक स्वयंपाकघरात गेल्यावर सासूबाईंनी हळूच विचारलं, "कुठे ठेवलीत हो? मला घरात कुठे दिसली नाही."

"काय?"

"बॅटरी."

"ती आहे की जागेवर. वखारीत."

"अहो, उतरवली म्हणालात ना?"

"उतरवली ना. पूर्ण."

"मग ती अजून वर कशी?"

"वर कसली, साफ रिकामी आहे. शेवटचा दिवा विझेपर्यंत मी समोर बसून होतो."

सासूबाईंनी वॉकरवरचे दोन्ही हात सोडून दिले. ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदाच आधाराशिवाय उभ्या होत्या, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"तुम्ही," सासूबाई म्हणाल्या, "बॅटरी उतरवलीत?"

"तुम्हीच सांगितलंत! 'पूर्ण उतरवा' म्हणालात! बॅटरी उतरली म्हणजे संपली असंच म्हणतात ना सगळे?"

"आणि कपाटावरची ट्रंक उतरवा म्हटलं असतं तर तीही रिकामी केली असतीत?"

जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं. रिकामी बॅटरी ऐन थंडीत तशीच टाकली की ती आतून धरते, पांढरी साय साचते, पुन्हा वीज घेईनाशी होते, हे सासूबाईंनी त्यांना तिथेच, हळू आवाजात पण भरपूर शब्दांत समजावलं. हळू आवाजात, कारण स्वयंपाकघर जवळ होतं. पण लेकीचे कान आईचेच. ती भांडं पुसत दारात आली आणि सगळं ऐकून म्हणाली, "नवीन घालायचं नाही, हे ठरलंय बरं का." त्यानंतर मात्र तिला नवऱ्याकडे बघून इतकं हसू आलं की भांडं खाली ठेवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी ती बॅटरी खऱ्या अर्थाने उतरवली. लोढ्याएवढी वस्तू, वजन लग्नातल्या पाहुण्याच्या ट्रंकेचं. जिना चढताना दोनदा टेकली, दुसऱ्यांदा पायाच्या अंगठ्यावर. गॅलरीत फळीवर मांडली, सोड्याच्या पाण्याने टोकांवरची बुरशी घासून काढली, चार्जर लावला. चार्जरचा दिवा लागेचना.

"याला बॅटरी दिसतच नाहीये," जावईबापू म्हणाले.

"मेलेलं माणूस डॉक्टर तपासत नाही," सासूबाई म्हणाल्या. "बघूशेठना फोन लावा."

बघूशेठने 'बघू' म्हणून उपाय सांगितला: शेजारी एक जिती बॅटरी जोडा, म्हणजे चार्जर फसतो आणि काम सुरू करतो. जिती बॅटरी सासूबाईंच्या चौकोनी गाडीत होती. जावईबापू तीही उचलून वर घेऊन आले. हातात वायरींचे चिमटे घेऊन ते वाकले.

"लाल लालला," सासूबाई खुर्चीतून. "अहो, ती लाल नाही, ती मळलेली आहे. दुसरी."

चिमटा बसला. चार्जरचा दिवा लागला. जावईबापूंनी नुकताच बाप झाल्यासारखा श्वास सोडला.

पण दिवा लागणं वेगळं आणि बॅटरी उठणं वेगळं. पुढचे कित्येक दिवस त्या घरात कुणालाच चैन नव्हतं. चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो म्हणून गॅलरीची खिडकी सताड उघडी. घरात स्वेटर घालून जेवण. जावईबापू उठल्याबरोबर दात घासायच्या आधी बॅटरीला व्होल्ट मोजायचा मीटर लावायचे. आकडा दिवसभर चढायचा, चार्जर काढला की सकाळपर्यंत उतरायचा. छापखान्यात त्यांचं लक्ष उडालं. एका पत्रकात 'औषध हलवून घ्यावे'चं 'औषध हळवून घ्यावे' तसंच निघून गेलं, आणि ते गिऱ्हाईकाने पकडलं, ही नामुष्की वेगळी. घरी आले की सासूबाई दारातच: "किती?" "सकाळपेक्षा कणभर जास्त." "कण कुठला? दाखवा."

सासूबाईंचंही असंच काहीतरी चाललं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईने त्यांना मंत्र दिला होता: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चढणं त्यांना पटकन जमलं. वॉकर गेला, काठी आली. पण उतरताना दुखरा पाय पुढे टाकला की त्यावर भार द्यायला मन धजेना. एकदा त्या आपल्या आपण दुसऱ्या मजल्यापर्यंत चढून गेल्या आणि तिथेच अडकल्या. वरच्या बिऱ्हाडाने खुर्ची दिली, पाणी दिलं. जावईबापू छापखान्यातून येईपर्यंत सासूबाई तिथून खालच्या गाड्यांना सूचना देत बसल्या होत्या.

"चढायला सांगितलं होतं का कुणी?" लेक तणतणली.

"पैज चढायची लागलीय," सासूबाई म्हणाल्या. "उतरण्याबद्दल अक्षर बोललेलं नाही."

बॅटरी मात्र हटून बसली होती. थंडी ओसरायला लागली तशी जावईबापूंची झोप उडाली. एका संध्याकाळी ते सरळ बॅटरीच्या दुकानात गेले, काउंटरपाशी उभं राहून हुबेहूब तसलीच नवी बॅटरी बघून आले, आणि घरी येऊन सासूबाईंच्या खुर्चीशी वाकले.

"आई, बाहेरून दिसायला सेम आहे. जुन्या बॅटरीचं लेबल मी अलगद काढून तिच्यावर..."

सासूबाईंनी त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. "माझ्या मुलीला फसवायचं?"

"चार्जरला फसवलंच की."

"चार्जर माझ्या काळजीने रात्रभर जागत नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि काठी घेऊन गॅलरीतून दारापर्यंत आणि परत अशा तीनदा जाऊन आल्या. टकटक नेहमीपेक्षा जोरात होती. मग थांबून म्हणाल्या, "माझी खोली गेली तर मी काय करणार, जावईबापू? पुन्हा खिडकीत बसायचं आणि लोकांच्या गाड्या बघायच्या. ते झालंय माझं करून."

जावईबापूंनी मीटर उचलला आणि उगीचच पुन्हा लावून बघितला.

दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीचा एक लख्ख दिवस बघून लेकीने दोघांना वखारीत नेलं. बॅटरी जावईबापूंच्या मांडीवर. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला ते तिला दोन्ही हातांनी धरत होते. सकाळी मीटरवर आकडा आला होता तो असा, की त्याला हो म्हणावं की नाही ते कळू नये.

वखारीत नुकत्याच कापलेल्या लाकडाचा वास होता. खोलीवरची ताडपत्री काढून दार उघडलं, तर उंदराने दाराजवळच्या बाकाचा कोपरा कुरतडलेला. बघूशेठने एक खुर्ची पुढे केली. "बघू, बाई, बसता का?"

"बसायला आले नाही," सासूबाई म्हणाल्या.

जावईबापूंनी बॅटरी तिच्या खोक्यात बसवली. आधी लाल, मग काळी. दोनदा तपासलं, मग छापखान्यातली सवय म्हणून शेवटाकडून सुरुवातीकडे एकदा उलटं तपासलं. सासूबाई फाटकापासून काठीने चालत आल्या. पायरीपाशी काठी लेकीच्या हातात दिली. पायरी लोखंडी, दुमडायची, आणि थंडीत गंजून अर्धवटच उघडलेली, म्हणजे नेहमीपेक्षा उंच. लेकीचा हात आपोआप पुढे आला आणि तिनेच तो मागे घेतला.

"चांगला पाय आधी," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या, दाराची कड धरली, आणि एका दमात वर.

आत काळोख. खिडक्यांवर फळ्या होत्या. टक्. काही नाही. टक् टक्. काही नाही. बाहेर जावईबापूंची पाचावर धारण बसली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "हे बटण मेलं नेहमीच अडतं," आणि बटणावर एक चापट बसली.

छताचा दिवा लागला. लागला म्हणजे काय, मध घातलेल्या चहाच्या रंगाचा एक ठिपका वर दिसायला लागला.

लेक दारातून आत वाकली. "हा दिवा आहे?"

"लागलाय की नाही?"

"लागलाय, पण याच्यात दिसायचं काय? उद्या औषधाच्या गोळीचं नाव वाचायची वेळ आली तर?" ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुमच्या खिशात एखादं पत्रक असेलच."

होतंच. मिक्सरचं, पाठीमागे सगळ्यात बारीक टाइपातल्या सूचना. लेकीने ते आईच्या हाती दिलं आणि दुकानातल्या आवाजात म्हणाली, "शेवटची ओळ वाचा."

सासूबाईंनी पत्रक दिव्याखाली धरलं. चष्मा कपाळावरून खाली घेतला. थोडं लांब, थोडं जवळ.

"'जावयाच्या हाती देऊ नये,'" सासूबाईंनी वाचलं.

"असं लिहिलेलं नाहीये!" जावईबापू बाहेरून ओरडले. "ते पान मी स्वतः तपासलंय!"

"'लहान मुलांच्या हाती देऊ नये,'" सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या खाली आणखी एक आहे, त्याहून बारीक. 'वापर नसताना वायर काढून ठेवावी.' वाचलं. अजून वाचू?"

लेकीने पत्रक परत घेतलं. दिव्याकडे बघितलं. दिवा तेवढाच होता; वाढत नव्हता, कमीही होत नव्हता. मग तिने बाकाचा कुरतडलेला कोपरा हाताने चाचपला, जणू त्याचंच काही बोलायचं होतं.

"रोज फोन करायचा," ती म्हणाली.

"एक दिवसाआड."

"आई, रोज."

"बरं बाई, रोज. पण 'जेवलीस का' विचारायचं नाही."

"आणि पहिली खेप जवळची. बंधाऱ्यापर्यंतच. आणि अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "त्या दुकानात तुम्ही बघून आलात ना, ऐकलंय मी सगळं, ती बॅटरी उद्या घेऊन या. पैज झाली, आता घातलेलं चालेल." आणि डोळ्यात लाकडाचा भुसा गेला असं काहीतरी पुटपुटत ती बघूशेठशी बोलायला फाटकाकडे गेली. चष्म्याच्या दुकानाच्या मालकांना फोनवर नाही म्हणून कळवायचं होतं, पायरीला तेल घालायला सांगायचं होतं.

सासूबाई दारात उभ्या राहिल्या. हातात काठी नव्हती, ती लेकीबरोबर गेली होती. त्यांनी खाली त्या गंजलेल्या पायरीकडे पाहिलं. दुखरा पाय जरासा पुढे आला आणि परत गेला. चढणं झालं होतं. उतरणं समोर होतं.

जावईबापूंना सगळ्या हिवाळ्याची भरपाई करायची संधी दिसली. ते लगबगीने पुढे झाले, गुडघ्यात किंचित वाकले आणि दोन्ही हात वर केले.

"आई, या, मी उतरवतो तुम्हाला."

सासूबाईंनी त्या हातांकडे नाक्यावरच्या नजरेने एकदा नीट पाहिलं.

"तुम्ही एक उतरवलीत, तेवढी पुरे."